कापलेला कोपरा

यशवंतराव गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या मागच्या पडवीत सागवानाची एक मांडणी अर्धवट उभी होती. खण बसवून झाले होते. पाठीची फळी लागायची होती, पॉलिशचा तर पत्ताच नव्हता. तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तशी मालतीनं ती मांडणी एकटीनं ओढत आपल्या खोलीत आणली आणि तिच्यात पुस्तकं लावली. तोवर तिची पुस्तकं संत्र्याच्या पेट्यांत राहत. पांढुर्ण्याच्या मंडीतून रिकाम्या आणलेल्या पेट्या, आडव्या करून एकीवर एक रचलेल्या. ‘तुला एकदा चांगली मांडणी करून देतो,’ असं बाबा ती कॉलेजात होती तेव्हापासून म्हणत. ही तीच, असं तिनं धरलं. दुसरं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं.

मांडणीत एक खोट मात्र होती. वरचा उजवा कोपरा चौकोनी कापून टाकलेला होता. तिथं ना फळी, ना आडोसा. शेवटचं पुस्तक उभं केलं की ते बाहेर कलंडे. यशवंतरावांच्या हातची चुकलेली फळी मालतीनं जन्मात पाहिली नव्हती. पण शेवटच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, खिळा शोधायला ते हात फिरवून पाहत. मापात गफलत झाली असणार, असं तिनं ठरवलं, आणि मग ती चूकच तिला आवडायला लागली. चुकीनं कापलेल्या त्या कडाही माणसानं घासून गुळगुळीत केल्या होत्या, यात तिला बाबा पुरते दिसत. येता-जाता ती त्या कोपऱ्यावर हात ठेवी. बाकी रडणं-बिडणं तिनं कोणाला दिसू दिलं नाही.

बाप नोकरीत असताना गेला की मुलाला अनुकंपेची नोकरी मिळते. यशवंतरावांना मुलगा नव्हता, म्हणून ती मुलीला मिळाली, आणि चांगली लवकर मिळाली. इतरांचे बाप मरून वर्षं लोटतात तरी फाईल हलत नाही. मालतीचा हुकूम दिवाळीच्या आतच आला. प्राचार्य पुंडलिकरावांनी स्वतः खटपट केली, असं लोक म्हणाले. तिला तेव्हा त्या माणसाबद्दल थोडं बरंही वाटलं होतं. तेवढंच एकदा वाटलं.

सौंसरची ती शाळा म्हणजे पिवळा चुना मारलेली एक लांबलचक इमारत आणि तिच्या मागं टिनाची शेड. सरकारनं चारपाच वर्षांपूर्वी अकरावी-बारावीला ‘वस्तुरचना आणि तंत्र’ असा एक विषय काढला होता, तो यशवंतराव या शेडमध्ये शिकवत. शेडची अर्धी जागा निवडणुकीच्या पेट्यांनी आणि मोडक्या बाकांनी अडवलेली होती. उरलेल्या अर्ध्यात यशवंतरावांची दोन बाकडी, लाकूड आवळून धरायचा शेगडा, करवती, रंधे. विषय घेणारी पोरं ठरलेली. ज्यांचं गणिताशी पटलं नाही आणि कॉमर्सवाल्यांनी ज्यांना घेतलं नाही, ती. शिक्षकांना विषयाचं नाव नीट घेता येत नसे. ते ‘सुतारकी’ म्हणत आणि हसत. मधल्या सुट्टीत त्यांच्यात बोलणं होई ते संत्र्याच्या आंबिया बहाराचं आणि बदलीचं. पुस्तकाचं नाव मालतीनं तिथं एकदाही ऐकलं नाही. हिंदी शिकवणारे गुरुजी गाईडमधून शिकवत आणि गाईडच्या चुकांसकट फळ्यावर उतरवत. पुंडलिकराव प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजलं का’ म्हणत. समोरच्याला न समजण्यासारखं ते आयुष्यात काही बोलले नव्हते. या कळपात बाबा इतकी वर्षं कसे राहिले, याचं मालतीला नवल वाटे. मान खाली घालून, रंधा मारत, यांच्या वाऱ्याला न उभे राहता, असं तिनं स्वतःलाच उत्तर दिलं होतं.

अभ्यासक्रमाचं पुस्तक मात्र शहाण्या माणसानं लिहिलेलं होतं. वस्तू करण्याआधी ती कोणाला हवी आहे ते बघा. त्या माणसाचं घर, हात, उंची, सवयी बघा. मग चित्र काढा, नमुना करा, त्याच्या हातात द्या, काय अडतं ते विचारा, पुन्हा करा. मालतीनं हे पान दोनदा वाचलं. शाळेतली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि ती कोणी उघडून बघितलेली नव्हती. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

बारावीच्या पहिल्याच तासाला तिनं फळ्यावर लिहिलं, ‘गरज कोणाची?’ आणि वर्गाकडे वळली.

“सांगा. वस्तू करायची आहे. आधी काय शोधायचं?”

मागच्या बाकावरून विजय नावाचा उंच पोरगा म्हणाला, “सायबाची गरज, मॅडम.”

पोरं हसली. मुलीही हसल्या, वहीत तोंड घालून. ते हसणं टवाळीचं नव्हतं. बरोबर उत्तर दिल्यावर होतं तसं होतं.

“कोणत्या साहेबांची?”

“प्रॅक्टिकलवाल्या. छिंदवाड्याच्या.” विजयला वाटलं मॅडम परीक्षा घेऊन राहिल्या. तो उभा राहिला. “मागच्या साली देव्हारा गेला. त्याच्या आंधी दिवाण. यंदा शोकेस.”

“कुठे गेला?”

“सायबाच्या घरी न, मॅडम.”

मालतीला अजून कळलं नव्हतं. कळलं नव्हतं म्हणून ती थंडपणे विचारत गेली. प्रॅक्टिकलला छिंदवाड्याहून देवीदास साहेब परीक्षक म्हणून येतात. नियमानं दरवर्षी नवा माणूस यायला पाहिजे, पण पुंडलिकराव व्यवस्था करतात आणि तेच येतात. साहेबांच्या घरी काय कमी आहे ते आधी विचारून घ्यायचं. ते एक मोठं काम सगळ्या वर्गानं मिळून करायचं. बाकी नावापुरतं प्रत्येकानं थर्माकोलचं काहीतरी मांडायचं. मोठं काम जीपमध्ये चढलं की कागदावर मार्क चढतात.

“आणि हे मोठं काम करवून कोण घेई?”

शेवटी श्रीकांत बोलला. हा पोरगा हाताचा चांगला होता, करवत सरळ धरी. “गुरुजीच, मॅडम. अन् यंदाचं तं झालंच आहे. राहिलेलं काम कराले गुरुजी शोकेस घरी घेऊन गेले होते. ते आहे न तुमच्याकडे? वरचा कोपरा कापलेली?”

मालतीच्या हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला गेला.

“कोपरा का कापला?”

“तिथं बिजलीचा बोर्ड आहे न. सायबाच्या हॉलमध्ये. मीच तं टेप धरली होती, गुरुजी मले घेऊन गेले होते छिंदवाड्याले. गुरुजी म्हने, बटन दाबाले शोकेस सरकवा लागली तं ते शोकेस काय कामाची.” श्रीकांत अभिमानानं सांगत होता. “अंदर हात घालून पाह्यला त्याईनं, बोटं मोकळी फिरतात का म्हणून. तेव्हा माप घेतलं.”

वस्तू वापरणाऱ्या माणसाचं घर बघा, हात बघा. यशवंतरावांनी अभ्यासक्रमाचं ते पान न उघडता तंतोतंत पाळलं होतं. मालतीनं फळा पुसला आणि पोरांना वेळेच्या आधी सोडून दिलं.

घरी लीलाबाई ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मालतीनं चपला काढल्या नाहीत.

“आई, ती मांडणी माझ्यासाठी होती का?”

लीलाबाईंनी वर पाहिलं नाही. “कोणं काय सांगतलं तुले?”

“माझ्यासाठी होती का, तेवढं सांग.”

“मी कधी म्हनलं तुयासाठी होती म्हनून? तूच म्हनली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वढत आनली, पुस्तकं लावली अन् तिले टेकून बसली. मंग मी काय सांगू? का ठेव बाई ते बाहेर, ते सायबाचं आहे?”

“तुला सगळं ठाऊक होतं.”

“घरात सागवान येऊन राह्यलं अन् घरात राहून नाई राह्यलं, हे बायकोले नाई ठाऊक तं कोणाले?” लीलाबाईंनी देठांची मूठ बाजूला टाकली. “पयल्या साली त्याईनं पोट्ट्याहीकून सारं हातानं करून घेतलं. कोणी वाकडं केलं, कोणी चांगलं. सायबानं अर्धा वर्ग नापास केला. म्हने फिनिशिंग नाई. त्यातल्या एका पोट्ट्याची माय इथं आली, याच उंबऱ्यापाशी उभी राहून तुया बाबाले नाई नाई ते बोलली. म्हने गुरुजी, तुमच्या खरेपनानं माया पोराचं साल खाल्लं. दुसऱ्या साली दिवाण गेला. मंग कोणी नापास नाई झालं.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटे न. लाकूड आपल्या पगारातलं जाय.”

मालती खोलीत गेली. तिला वाटलं होतं की आता त्या मांडणीकडे बघवणार नाही. पण बघवलं, आणि नीट बघवलं. सांधे बिनखिळ्याचे होते. खणांच्या कडा आतून हलक्या उतरवल्या होत्या, काढता-घालता काचेचं भांडं लागू नये म्हणून. पुस्तकाला याची गरज नसते. हे तिला आजवर दिसलं कसं नाही? इतकी वाचलेली मुलगी, आणि समोर उभं असलेलं एक फर्निचर तिला वाचता आलं नव्हतं.

लाच द्यायचीच होती तर निदान वाईट द्यायची. पोकळ लाकडाची, खिळे ठोकलेली, वर्षात डुलायला लागेल अशी. देवीदास साहेबाला फरक कळला नसता. ते तिनं समजून घेतलं असतं. ज्या माणसाला बाबा मनात कवडीची किंमत देत नसतील, त्याच्या बोटांना बटण सापडावं म्हणून त्यांनी कोपरा कापला, घासला, हात घालून पाहिला. आणि मुलीची पुस्तकं इतकी वर्षं संत्र्याच्या पेट्यांत. बाबांचा तिरस्कार करण्याची तिला सवय नव्हती. ती त्या संध्याकाळी लागली.

पुंडलिकरावांनी संक्रांतीनंतर तिला बोलावलं.

“बाई, प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात शनिवारचं ठेवलं आहे. साहेबांना त्याच जीपनं जामसांवलीला मारुतीचं दर्शन होऊन जाते. समजलं का? ते शोकेसचं काम तेवढं पुरं करा. पॉलिशवाला पाहिजे तर मी पाठवतो.”

“ती माझी मांडणी आहे, सर.”

“तुमचीच आहे न. तुमची आहे म्हणून तं तुम्ही द्यायची आहे.” त्यांनी सुपारीचं खांड दाढेखाली सरकवलं. “तुमच्या ऑर्डरसाठी मी छिंदवाड्याले चकरा मारल्या, ते काय उगीच मारल्या? म्हटलं, सामान घरी अडकलं आहे, पोरगी शाळेत पाहिजे.”

असं होतं तर. तिची नोकरी बापाच्या मरणाची नव्हती, शोकेसची होती. मालतीला हसू आलं. पुंडलिकरावांना ते होकाराचं वाटलं, आणि ते पुढच्या कागदाकडे वळले.

तिनं वर्गाला सांगितलं की थर्माकोल चालणार नाही. ज्याला गरज आहे असा एक माणूस शोधा, त्याच्यासाठी करा. पोरांनी पंधरवडाभर टाळाटाळ केली. विजयनं शेवटी पवनचक्कीच केली, कोणासाठी विचारल्यावर ‘वाऱ्यासाठी’ म्हणाला. एकट्या चंद्रकलानं खरं काम केलं. तिची आई हिवाळाभर बागांत संत्री निवडायला जाई, उकिडवं बसून कंबर धरे. चंद्रकलानं पुढं उतरता असा एक बुटका पाट केला. पहिला आईसकट कोलमडला. दुसरा मऊ मातीत रुतला. तिसऱ्याला तिनं खाली आडवी पट्टी मारली, आणि आईनं तो बागेतून परत आणला नाही. दुसऱ्या बाईला दिला, आणि स्वतःसाठी अजून एक कर म्हणाली. मालतीला त्या दिवशी शेडमध्ये प्रथमच बरं वाटलं.

पण तीच चंद्रकला परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात श्रीकांतला घेऊन तिच्याकडे आली.

“मॅडम, शोकेस जाऊन राह्यली न शनिवारी?”

“तुझा पाट चांगला आहे. तुला शोकेस कशाला पाहिजे?”

“पाटावर माय बसते, मॅडम. सायब नाई बसत.” ती खाली बघत पण स्पष्ट बोलली. “मले नर्सिंगचा फार्म भरायचा आहे. प्रॅक्टिकल अटकलं तं घरचे थांबणार नाई. पाहुणे येऊन गेले आहेत.”

श्रीकांत म्हणाला, “तुमची जिद आहे, ठीक आहे. पण साल आमचं जाईन.”

मालतीला दोघांचाही राग आला. खरी वस्तू करून झाल्यावरही जिला ती पुरेशी वाटत नाही अशी ही मुलगी, आणि टेप धरल्याचा अभिमान असलेला हा मुलगा. यांना असं कोणी केलं, ते उघड होतं. एका उंबऱ्याशी एक बाई ओरडून गेली आणि एका चांगल्या सुतारानं ठरवलं की पोरांना पास करायचं, शिकवायचं नाही. पण पोरांचं साल जाऊ देणं हेही तिला जमणारं नव्हतं. त्या आठवड्यात तिच्या मनात दोनच गोष्टी पक्क्या होत्या. पोरं पास झाली पाहिजेत. आणि ही मांडणी छिंदवाड्याला जाता कामा नये. दोन्ही एकदम कसं होईल, हे काही सुचत नव्हतं. तिनं पाठीची फळी स्वतः बसवली, पुंडलिकरावांचा पॉलिशवाला आला तर त्याला करू दिलं. सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

शनिवारी देवीदास साहेब आले. मालतीनं कल्पना केली होती त्यापेक्षा ते सभ्य निघाले, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटले. सफारी सूट, हळू आवाज, खुर्चीवर बसण्याआधी रुमालानं झटकणं. ‘यशवंतरावजी गेले, फार बुरं झालं. असा कारागीर आता मिळत नाही,’ असं ते मनापासून म्हणाले. मग धूळ असते म्हणून शेडच्या दारातच उभे राहिले.

चंद्रकलानं पाट पुढं केला.

“हे काय, पाट आहे?”

“संत्री निवडाले बसाचा, सर. पुढं उतार देल्ला, कंबरेले—”

“छान. रंग दिला असता तर शोभला असता.” ते विजयच्या पवनचक्कीकडे वळले, तिला फुंकर मारली आणि ती फिरली म्हणून खूष झाले.

प्राचार्यांच्या खोलीत भजी आली. कागद टेबलावर होता, कोरा.

“आधी सामान ठेवून घेऊ,” पुंडलिकराव म्हणाले. “गुलाब चपराशाला पाठवतो बाईंच्या घरी.”

“घर जामसांवलीच्या रस्त्यावरच आहे, सर,” मालती म्हणाली. “साहेबांनी स्वतःच यावं. आई चहा ठेवते आहे. बाबा असते तर त्यांनी घरी नेल्याशिवाय सोडलं नसतं. कागद मात्र इथंच आटपू. बाबू दोन वाजता पाकीट बंद करून निघून जातो.”

यशवंतरावांची मुलगी, म्हणून कोणाला शंका आली नाही. साहेबांनी पेन काढला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सारखे मार्क दिले. पवनचक्कीला जेवढे, तेवढेच पाटाला. सही झाली, बाबूनं पाकिटाला लाख लावली. पोरांचं काम झालं होतं. त्यांना काय आलं होतं, याची नोंद कुठं करायची नव्हतीच.

जीप दारात थांबली तशी शेजारच्या शांताबाई आणि आणखी दोघी-तिघी गल्लीत जमल्या. श्रीकांत आणि गुलाब चपराशी सामान उचलायला म्हणून मागून सायकलनं आले. खोलीत मांडणी उभी होती, पॉलिश चमकत होतं, आणि खणाखणांत मालतीची पुस्तकं होती.

“ही खाली करून नाही ठेवली?” पुंडलिकरावांनी विचारलं.

देवीदास साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मांडणीपाशी गेले आणि नेमका त्या कोपऱ्यावर त्यांनी हात ठेवला, आत घालून बोटं हलवून पाहिली. चेहरा उजळला. “वाह. काय बरोबर घेतलं आहे यशवंतरावांनी.”

“ते चुकलं आहे, सर,” मालती म्हणाली.

“काय चुकलं?”

“तो कोपरा. ही पुस्तकांची मांडणी आहे, बाबांनी माझ्यासाठी केलेली. शेवटी त्यांना दिसत नव्हतं. माप चुकलं आणि कोपरा कापला गेला. अशी बिघडलेली वस्तू तुम्हाला दाखवायचीही लाज वाटते, पण तुम्हाला त्यांच्या हातचं शेवटचं काम बघायचं असेल म्हणून बोलावलं.”

साहेबांनी हात काढून घेतला. “चुकलं कसं? मापं बरोबर आहेत. टेप आणा, मी दाखवतो.”

श्रीकांतच्या खिशात टेप होती. तो मालतीकडे बघत राहिला.

“दे रे टेप,” मालती म्हणाली. “मोजून बघा, सर. पण कशाशी ताडून बघायचं? कोणती भिंत धरायची?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि दाराकडे पाहिलं. दारात शांताबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांच्या मागं सरकारी जीपचा ड्रायव्हर बिडी विझवून आत डोकावत होता. माझ्या हॉलची भिंत, एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते बंद खोलीत बोलायची साहेबांना इतक्या वर्षांची सवय होती. उघड्या दारात नव्हती. त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी खणातल्या पुस्तकांची नावं वाचायला सुरुवात केली. नोकरीत तसं त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल.

“हां,” साहेब अखेर म्हणाले. “जवळून पाहिलं तर जरा गडबडच दिसते. म्हातारपण. होते असं.” आणि मग, हातातलं गेलेलं पाहून त्यांनी वर आणखी घातलं, “बाकी सांधेही ढिलेच वाटतात. हात गेला होता त्यांचा. मागचा देव्हाराही तसाच—” इथं ते थांबले.

“हो,” मालती म्हणाली. “हात गेला होता.”

लीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात होत्या. त्यांनी ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. चहा कोणी घेतला नाही. मारुतीच्या दर्शनाला उशीर होत होता.

जीप गेली. श्रीकांतनं टेप गुंडाळून खिशात घातली, आणि ‘येतो’ न म्हणता सायकलवर टांग मारली. मालती स्वयंपाकघरात गेली. लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“पोरं पास झाली, आई. मार्क आधीच घेतले.”

“झाली असतीन.”

“मग काय म्हणायला पाहिजे होतं मी? साहेबाला द्यायला केली होती म्हणून सांगू सगळ्या गल्लीला?”

“सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं? गल्लीले ठाऊक नाई काय?” लीलाबाईंचा आवाज चढला नाही. “चोर म्हनली असती तं त्याईनं ऐकून घेतलं असतं. त्याईले माहीत होतं आपन काय करून राह्यलो ते. पन हात गेला होता म्हनाची नाई, मालती. रंधा तेवढा त्याईनं कधी खोटा नाई मारला.”

सगळ्यांना तुच्छ मोजता मोजता तिनं ज्या एका गोष्टीला हात लावायचा नव्हता तिलाच लावला होता, आणि तो लावल्यावर साहेब हरला होता. दुसऱ्या कशानं तो हरला असता, हे तिला त्या वेळी सुचलं नाही, पुढंही कधी सुचलं नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये बोलणं आधीच पोचलेलं होतं. ड्रायव्हरनं सांगितलं असेल, शांताबाईंनी सांगितलं असेल. हिंदीचे गुरुजी डबा उघडत म्हणाले, “ऐकलं बाई, यशवंतरावांचं शेवटी शेवटी बिघडलं होतं म्हणे. नवल आहे. आम्ही तर समजत होतो, त्यांच्यासारखा कारागीर नाही.”

“मलेही मागंच शंका आली होती,” पुंडलिकराव म्हणाले. “माया घरची खुर्ची करकरते. समजलं का?”

सगळे हसले, फार नाही, मेलेल्या माणसाबद्दल हसावं इतपत. त्या खुर्चीचा एक पाय पुंडलिकरावांच्या नातवानं गच्चीवरून टाकून मोडला होता आणि दुसऱ्याच कोणी तो बसवला होता, हे मालतीला ठाऊक होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

“डोळे गेले होते त्यांचे,” ती म्हणाली, “दिसत नव्हतं.”

आणि अकरावीच्या तासाला शेडकडे निघाली.